डिक्कीचं दार आणि बीईआरचा शिक्का



जुन्या वाचकांना माझ्या पोस्टिंगांची यादी पाठ झाली असेल. सिकंदराबाद, भटिंडा, लेह, खडकी, तेजपूर आणि शेवटी पुन्हा खडकी. आता त्या यादीत सिरुसेरी धरा. ही मूव्हमेंट ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसकडून आली नाही, मुलीकडून आली. ती आणि जावईबापू दोघेही इथल्या सिपकॉटच्या आयटी पार्कात नोकरीला. नातू लहान. म्हणून आम्ही दोघं आणि माझी त्र्याऐंशी वर्षांची आई, असं सगळं बिऱ्हाड कोरेगाव तालुक्यातून उचलून चेन्नईच्या दक्षिण टोकाला आलं. सोबत आली आमची गाडी. रुपेरी रंगाची टाटा इंडिगो मरीना, २००६ सालची, डिझेल. खडकीला असताना घेतलेली.

आजचा लेख त्या गाडीच्या डिक्कीच्या दाराबद्दल आहे. 'साहेब, आता दारावर लेख?' असं म्हणाल. पण त्या दारापायी गेले चार महिने आमच्या घरात जो वाद चालला, तो दारापुरता नाही. जुनी वस्तू कधी निकालात काढायची आणि हे ठरवायचं कुणी, असा तो प्रश्न आहे. त्यावर मला काही ठाम सांगायचं आहे.

डिसेंबर २०२३ मधलं मिचौंग वादळ आठवत असेल. ३ आणि ४ तारखेला चेन्नईत जो पाऊस झाला त्यात अर्धं शहर पाण्यात गेलं. आमची इमारत जरा उंचावर असल्याने पाणी पार्किंगच्या दारापर्यंत येऊन थांबलं. पण वाऱ्याने कंपाउंडमधल्या झाडाची एक जाड फांदी मोडली ती नेमकी मरीनाच्या पाठीवर. डिक्कीची काच फुटली, दाराची चौकट मधोमध दबली, एक बिजागरी वाकली. जुनी गाडी म्हणून विमा फक्त थर्ड पार्टीचा. म्हणजे भरपाईचा प्रश्नच नव्हता. मी मोडकं दार दोरीने बांधलं, वर ताडपत्री ओढली आणि 'बघू सावकाश' म्हणून सोडून दिलं.

सावकाश बघायला वेळ मिळाला नाही. जानेवारीत आई न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. फेब्रुवारीपासून आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी सुरू झाली, केळंबाक्कमच्या बाजूला. आता व्हीलचेअरसह माणूस न्यायचा कसा? फोनवरून बोलावलेल्या टॅक्सीची डिक्की उघडली की आत सीएनजीची टाकी. व्हीलचेअर मांडीवर घेऊन बसणार का? रिक्षात आईला पाय दुमडून बसवता येत नव्हतं. जावयांची गाडी उंच, एसयूव्ही म्हणतात ती. तिच्यात चढताना आईचा जीव कासावीस होई आणि व्हीलचेअर कमरेच्या वर उचलून आत टाकताना माझा. पहिल्या महिन्यात बारापैकी पाच वेळा आम्ही गेलोच नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी शांतपणे म्हणाली, "पाटी, असं खंड पडला तर पाय आखडेल." पाटी म्हणजे तमिळमध्ये आजी.

मरीनाचं वैशिष्ट्य तुम्हाला सांगायला हवं. स्टेशन वॅगन हा प्रकार आपल्या देशात कधी रुजलाच नाही. १९९२ मध्ये टाटा इस्टेट आली, पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, २००४ मध्ये ही मरीना. लोकांना बंद डिक्कीची सेडान म्हणजे प्रतिष्ठा वाटायची आणि ही लांब पाठीची गाडी बघून 'शववाहिका आहे का?' असं विचारणारेही भेटले. पण जमिनीलगतची सीट, बुटकी डिक्की आणि सरळ आत जाणारा सपाट माल-कप्पा. व्हीलचेअर दुमडायची, मागचं टोक कप्प्याच्या काठावर टेकवायचं आणि ढकलायची. साठीच्या माणसाला एकट्याने जमतं. आईला सीटवर बसायला चढावं लागत नाही, नुसतं टेकावं लागतं. म्हणून दार हवं होतं. ताडपत्री बांधून व्हीलचेअर नेली असती, पण डिक्की नीट बंद नसेल तर डिझेलचा धूर मागून आत ओढला जातो. तशा गाडीत आजारी माणूस बसवायचा नसतो.

घरात बैठक बसली. जावईबापूंनी लॅपटॉप उघडला. माणूस सरळ आहे आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून ते पूर्ण मांडतो.

"बाबा, या गाडीला बाजारात ऐंशी हजारांच्या वर कोणी देणार नाही. २०२१ मध्ये तुम्ही पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवून घेतलंत, ते २०२६ ला संपेल. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झालीय. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या विकल्या जातात, तुमची त्याच्या कितीतरी आधीची. एअरबॅग नाहीत. स्क्रॅप सेंटरला दिली तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. मग नवीन का घेत नाही?"

मी म्हटलं, "जावईबापू, नव्या गाडीची डिक्की किती उंचावर असते ते मोजलंत का?"

त्यांनी ते मोजलं नव्हतं. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाली, "आरं, दारच मोडलंय न्हवं? मग दार बसीव की."

इथे मला फौजेतली गोष्ट सांगावी लागेल. मी ईएमईचा माणूस. अठ्ठावीस वर्षं दुरुस्तीच केली. आमच्याकडे एखादी गाडी बंद पडली की ती व्हीओआर, म्हणजे व्हेईकल ऑफ रोड. युनिटच्या हाताबाहेरची असेल तर बीएलआर. आणि दुरुस्तीचा खर्च परवडणारच नाही असं ठरलं तर बीईआर. बियॉन्ड इकॉनॉमिकल रिपेअर. त्या तीन अक्षरांचा शिक्का बसला की गाडीचं आयुष्य संपलं. पण तो शिक्का कुणी एकट्याने मारत नाही. तपासणी होते, चासिस, इंजिन, बॉडी एकेक करून बघितली जाते, खर्च मांडला जातो, कागद वर जातो. आणि वय हा त्यातला एक आकडा असतो, निकाल नसतो. जबलपूरला बनलेल्या जोंगा आणि शक्तिमान आम्ही त्यांचं उत्पादन थांबल्यावरही कितीतरी वर्षं चालवल्या. माझ्या हाताखालच्या पोरांपेक्षा त्या गाड्या वयाने मोठ्या होत्या.

सरकारलाही हे कळतं. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी वाढवणं बंद झालं. पण देशाच्या संरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या चिलखती आणि खास कामाच्या गाड्यांना त्यातून वगळलं. का? कारण त्या गाड्यांचं काम दुसरी गाडी करू शकत नाही. मग माझा साधा प्रश्न असा, की आईची व्हीलचेअर हे खास काम नाही का?

तरीही मी जिद्दीने निर्णय घेतला नाही. आधी तपासणी केली. डिक्कीच्या उघड्या चौकटीत सुतळी धरून दोन्ही कर्ण मोजले. वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा आणि उलट. फरक दोन-तीन मिलिमीटरचा. म्हणजे फांदीचा मार दाराने खाल्ला होता, बॉडी पिळली नव्हती. खाली वाकून चासिसचे भाग हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितले. समुद्र इथून पूर्वेला फार लांब नाही, खारा वारा पत्रा खातो. गंज होता, पण वरवरचा. इंजिनाचा धूर नुकताच तपासलेला, पीयूसी चालू. कर्णात दोन बोटांचा फरक निघाला असता तर मी स्वतः गाडी स्क्रॅपला नेऊन दिली असती. हे मी जावयांना आधीच सांगून ठेवलं होतं.

आता दार शोधायचं. मरीनाचा घोटाळा असा की पुढचे बरेचसे भाग इंडिका-इंडिगोचे चालतात, पण पाठ फक्त तिची आहे. इंडिकाचं डिक्कीचं दार आखूड, तिला बसत नाही. गाडी विकली गेली कमी, बंद होऊन कित्येक वर्षं झाली. नवीन दार मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. जुनंच शोधायला हवं होतं.

पहिलं दार मला पंधरा दिवसांत मिळालं. शहराबाहेरच्या एका यार्डात. नेमकं रुपेरी! माझ्याच गाडीचं असावं असं. काच शाबूत, वायपर शाबूत, किंमत साडेतीन हजार. मी जवळजवळ पैसे काढले होते. सवयीने काचेवर हात फिरवला तर एका कोपऱ्यात खरखरीत लागलं. काही मालक चोरीच्या भीतीने काचेवर गाडीचा नंबर कोरून घेतात. तो कोरलेला नंबर कुणीतरी घासून काढला होता. मी विचारलं, "गाडी कुठली? कागद आहे?" तो माणूस म्हणाला, "सार, जुन्या पार्टला कसला कागद?"

मी परत आलो.

घरी येऊन सांगितलं तेव्हा ही चिडली. एरवी न चिडणारी बाई. "आईंचे दोन दिवस पुन्हा चुकले आणि तुम्ही काचेवरचा ओरखडा बघत बसलात? कशावरून चोरीचं? उगाच घासलं असेल कुणी." तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कशावरून चोरीचं हे मलाही माहीत नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही. एकीकडे आईचा आखडणारा पाय, दुसरीकडे कुण्या अनोळखी माणसाची सकाळी जागेवर नसलेली गाडी. फौजेत असताना मी हे करू शकलो नसतो म्हणून आताही करणार नाही, एवढंच मी स्वतःला सांगितलं. त्यात काही फार मोठं शौर्य नव्हतं. पण त्याची किंमत आईने दिली, मी नाही, हे मात्र मला टोचत राहिलं.

त्यानंतर मी पुदुपेटला गेलो. एगमोर स्टेशनाच्या जवळचा हा भाग गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांसाठी साऱ्या दक्षिणेत प्रसिद्ध आहे. आपल्या मुंबईच्या कुर्ल्याच्या किंवा चोरबाजाराच्या गल्ल्या आठवा. सिरुसेरीहून तीस-पस्तीस किलोमीटर, आणि ओएमआर रस्ता माधवरम ते सिरुसेरीच्या मेट्रोच्या कामाने जागोजागी खोदलेला, त्यामुळे जायला दोन तास लागले. अरुंद गल्ल्या. दोन्ही बाजूंना दारं पुस्तकांसारखी उभी रचलेली. एका दुकानात फक्त आरसे, एकात फक्त स्टिअरिंग, एकात फक्त दिव्यांच्या काचा. माझी तमिळ 'वणक्कम' आणि 'येव्वळवु' यांच्या पुढे जात नाही. पण एक शब्द कामाला आला, 'डिक्की'. साताऱ्यात डिक्की, पुदुपेटमध्येही डिक्की. तिसऱ्या दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी 'मरीना? डिक्की डोर?' म्हणत बोट वर केलं. छताला दोरीने टांगलेलं लाल रंगाचं दार!

मी कागदाचं विचारलं. ते रागावले नाहीत. आतून एक फाईल काढली. गाडी मिचौंगच्याच पुरात वेळाचेरीच्या बाजूला बुडालेली, विमा कंपनीने टोटल लॉस ठरवून लिलावात काढलेली. लिलावाची पावती, चासिस नंबर, तारीख. फाईलच्या पहिल्या पानावर त्या गाडीचा पाण्यातला फोटोही होता. ज्या वादळाने माझं दार मोडलं त्याच वादळाने हे दार मोकळं केलं होतं.

"सार, नल्ला कंडिशन," ते म्हणाले. चांगल्या स्थितीत आहे. मी म्हटलं, अण्णा, खाली उतरवा, बघतो.

जुनं दार कसं बघायचं ते इथे लिहून ठेवतो, कुणाला तरी उपयोगी पडेल. एक, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळीकडे फिरवायचं. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्रा नसून लांबी भरलेली असते, म्हणजे आधी ठोकर बसलेली. दोन, दाराची खालची कड आतून बघायची. पाणी बाहेर जायला तिथे छोटी छिद्रं असतात. ती बुजली की दार आतून सडतं. पुरातल्या गाडीत या छिद्रांत चिखल बसतो. मी स्क्रू ड्रायव्हरने कोरून काढला, खाली पत्रा चकचकीत निघाला. तीन, बिजागरीची भोकं आणि त्यांच्या भोवतीचा पत्रा. तिथे बारीक तडा असेल तर दार कितीही सुंदर असो, सोडून द्यायचं. चार, काचेच्या कडेची रबर आणि आतल्या वायरी. पुरातल्या वायरींवर विश्वास ठेवायचा नाही. कनेक्टरच्या आत हिरवट बुरशी दिसली की त्या वायरी बाद.

दार खालच्या मॉडेलचं होतं. मागचा वायपर नव्हता, काच गरम करणाऱ्या तारा नव्हत्या. चेन्नईत काचेवर दव धरायचं दुःख नाही आणि वायपरवाचून आईचं काही अडणार नव्हतं. साडेपाच हजारांत सौदा ठरला. त्यांनी पावतीवर मूळ गाडीचा चासिस नंबर स्वतः लिहून दिला. मी काही बोलायच्या आधीच. "नाळैक्कु पोलीस केळप्पांग," म्हणाले. उद्या पोलीस विचारतील. या बाजाराला लोक सरसकट चोरबाजार म्हणतात. मला तिथे भेटला तो माणूस आमच्या स्टोअर-कीपरइतका चोख निघाला.

बसवण्याचं काम पडूरच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये केलं. तिथल्या अण्णांनी दुबईत दहा वर्षं काढलेली, त्यामुळे हिंदी उत्तम. आधी दार टिंकरकडे. इथे डेंटिंगवाल्याला टिंकर म्हणतात. लाल रंग खरवडून, प्रायमर मारून रुपेरी केलं, कारण आरसी बुकात गाडीचा रंग नोंदलेला असतो आणि अर्धी लाल गाडी बघून पहिल्या नाक्यावर हवालदार थांबवणार.

मग जुनं दार उतरवलं. बिजागऱ्या कुठे होत्या त्या भोवती खिळ्याने रेघ ओढून घेतली. एकाने दार खांद्यावर तोललं, दुसऱ्याने बोल्ट सोडले. हे काम एकट्याने करायचं नाही, वीस-पंचवीस किलो वजन डोक्यावर येतं. माझी चूक इथे झाली. दारातल्या वायरी छताच्या भोकातून बाहेर ओढताना त्यांच्या टोकाला सुतळी बांधायची असते, म्हणजे नंतर त्याच वाटेने परत ओढता येतात. मी पोरांना हे वीस वर्षं शिकवलं आणि स्वतः विसरलो. अण्णा नुसते हसले. त्या वायरी परत घालायला आम्हाला दीड तास लागला.

माझं जुनं कुलूप नव्या दारात घातलं, म्हणजे किल्ली एकच राहिली. वायरी माझ्या जुन्या दारातल्या वापरल्या. भोवतीची रबर बीडिंग नवीन घेतली. आणि डिक्की उचलून धरणारे दोन शॉकर नवेच घेतले. त्यांच्यात दाबाखालचा गॅस असतो. जुने कमजोर असतील तर दार नेमकं वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर येतं. आधीचे शॉकर अर्धमेले होते तेव्हा मी आईची काठी लावून दार टेकवत असे. आता काठी आईकडे.

मग फटी जुळवल्या. दोन्ही बाजूंना सारखी फट येईपर्यंत बिजागरी केसभर इकडे, केसभर तिकडे. लॉकचा आकडा खाली-वर. आत बसून, दार लावून बाहेरून पाण्याची नळी सोडली. डाव्या कोपऱ्यातून थेंब आला. बीडिंग पुन्हा बसवली. पुन्हा पाणी. दुसऱ्यांदा कोरडं. जिथून पाणी येतं तिथूनच धूर येतो, म्हणून ही परीक्षा टाळायची नाही.

हिशेब सांगतो. दार साडेपाच हजार, वाहतूक आठशे, शॉकर अठराशे, बीडिंग नऊशे, टिंकर आणि रंग साडेसात हजार, मजुरी दोन हजार. एकूण १८,५००. गाडीच्या बाजारभावाच्या पाव हिश्शाच्या आत. कुठल्याही बोर्डासमोर ठेवा, ही गाडी बीईआर होत नाही.

आणि आता मुद्द्याचं. माझं मोडकं दार मी भंगारवाल्याला दिलं. काच नव्हतीच. चोवीस किलो भरलं, तीस रुपये किलोने ७२० रुपये आले. त्याच जातीचं शाबूत दार मी साडेपाच हजारांना घेतलं. जे दार वितळवलं असतं तर सातशे रुपयांचं पोलाद झालं असतं, ते दार म्हणून सातपटीहून जास्त किमतीचं होतं. शिवाय ते वितळवायला लागणारा कोळसा आणि वीज वाचली ती वेगळीच.

आपली स्क्रॅप पॉलिसी १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाली. मी तिच्या विरोधात नाही. काळा धूर ओकणारे, ब्रेक न लागणारे ट्रक रस्त्यावरून गेलेच पाहिजेत. पण नंतर आलेले जीवनान्त वाहनांचे पर्यावरण नियम बघा, १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेले. त्यांत गाडी बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकली, हे उत्तम. पण त्या जबाबदारीचा हिशेब होतो पोलादाच्या वजनावर. पुदुपेटच्या छताला टांगलेलं दार जर पुन्हा गाडीवर चढलं, तर त्या हिशेबात त्याला जागा कुठे? युरोपात २००० सालच्या त्यांच्या निर्देशात पुनर्वापर आणि पुनर्चक्रण दोन्ही धरून उद्दिष्ट ठरवलं. २०१५ पासून गाडीच्या वजनाच्या ८५ टक्के भागाचा पुन्हा वापर किंवा पुनर्चक्रण झालं पाहिजे. म्हणजे दार दार म्हणून वापरलं तरी ते हिशेबात येतं. आपल्याकडे पुन्हा वापरणं ही परंपरा, आणि कागदावर तिला नाव नाही.

नाव नाही म्हणूनच चोरीला वाव मिळतो. माझं मत स्पष्ट आहे. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातून किंवा विम्याच्या लिलावातून निघालेल्या प्रत्येक मोठ्या भागाला, दार, बॉनेट, इंजिन, गिअरबॉक्स यांना, मूळ गाडीच्या चासिस नंबरची एक चिठ्ठी लागली पाहिजे. पुदुपेटच्या त्या गृहस्थांनी पावतीवर हाताने लिहून दिलं तेवढंच. फौजेत आम्ही एका गाडीचा भाग दुसरीला लावायचो त्याला कॅनिबलायझेशन म्हणतात. त्यासाठी मंजुरी लागायची आणि दोन्ही गाड्यांच्या नोंदीत ते चढायचं. लेहच्या थंडीत, हातमोजे काढून, शिसपेन्सिलीने आम्ही त्या नोंदी केल्यात. जे तिथे होऊ शकत होतं ते आज संगणकाच्या जमान्यात का होऊ नये? चिठ्ठी असेल तर प्रामाणिक दुकानदाराला भाव मिळेल, चोराचं दार पडून राहील आणि माझ्यासारख्याला आईचा पाय आणि स्वतःचं मन यांत निवड करावी लागणार नाही.

त्याच चिठ्ठीची दुसरी बाजूही हवी. काही भाग जुने विकूच नयेत. एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेकचे भाग, स्टिअरिंगचे जोड. काटकसर आणि निष्काळजीपणा यांत फरक आहे. 'चलता है' म्हणत जुना सीटबेल्ट लावणाऱ्याला मी दुरुस्तीवाला म्हणणार नाही.

आणि वाचकांतल्या माजी सैनिकांना एक सांगणं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या अंगणात जुनी जीप, जुनी राजदूत, जुनी बजाज उभी आहे. तिच्यावर जीव असतो हे मला कळतं. पण जीव आहे म्हणून ठेवू नका आणि पोरं म्हणतात म्हणून फेकूही नका. आधी बोर्ड बसवा. कर्ण मोजा, गंज ठोका, धूर बघा, खर्च लिहा. शेवटी एक रकाना ठेवा, जो आमच्या फॉर्मात नव्हता आणि स्क्रॅप सेंटरच्या फॉर्मातही नसतो: ही गाडी कुणाला कुठे नेते? त्या रकान्यात लिहायला काही नसेल तर खुशाल शिक्का मारा.

२०२६ मध्ये माझी मरीना पुन्हा तपासणीला उभी राहील. तेव्हा ती नापास झाली तर मी वाद घालणार नाही. जावयांना तसा शब्द दिलाय. त्यांनीही गेल्या रविवारी टेप घेऊन दोन नव्या गाड्यांच्या डिक्कीची उंची मोजून आणली, हे मुद्दाम नोंदवतो.

एप्रिलपासून आईची एकही फेरी चुकलेली नाही. आता ती वॉकर घेऊन पार्किंगपर्यंत स्वतः येते. दाराचा रुपेरी रंग बाकीच्या गाडीशी तंतोतंत जुळत नाही, उन्हात जरा उजळ दिसतो. परवा आईने ते निरखून बघितलं आणि म्हणाली, "नवं दार व्हय? बरं हाय." मी व्हीलचेअर आत ढकलली, डिक्की लावली आणि आम्ही निघालो.

जय हिंद.